घालायला की ठेवायला?

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याचा सरकारी आकडा विचारत नाहीत, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. 2019च्या ऑगस्टात तो जवळजवळ दिसेनासा झाला, तेव्हा अर्धं शहर नदीकडे लोटलं होतं. त्या गर्दीत मी आणि माझा शाळेपासूनचा एक मित्र, दोघं एका छत्रीत उभे होतो. पुराचे फोटो काढून झाल्यावर त्याने त्याच फोनवर मला एका हिरव्यागार घड्याळाचा फोटो दाखवला.

"तीनशे मीटर पाण्यात चालतं."

"आपल्याकडे दुतोंड्या बुडला की खूप झालं," मी म्हणालो.

"ते सोड. हे बंद होणारे. पुढच्या वर्षी."

घड्याळ होतं रोलेक्स सबमरिनर. पाणबुड्यांसाठी म्हणून 1953 साली निघालेली ही मालिका. पाण्याखाली किती मिनिटं झाली ते मोजायला कडेने फिरणारी रिंग, म्हणजे बेझल, आणि ती एकाच दिशेने फिरते, म्हणजे चुकून धक्का लागला तरी हवा जास्त शिल्लक आहे असं दाखवणार नाही. मित्राच्या फोनवरचं मॉडेल 2010चं. डायल हिरवी, सिरॅमिकची बेझलही हिरवी. त्यावरून लोकांनी नाव पाडलं 'हल्क', कॉमिकमधल्या हिरव्या राक्षसी हिरोचं. त्याच्या आधी 2003 साली, सबमरिनरच्या पन्नाशीनिमित्त, नुसती बेझल हिरवी असलेलं एक निघालं होतं; त्याला टीव्हीवरच्या हिरव्या बेडकाच्या बाहुलीवरून 'कर्मिट' म्हणायचे, ते 2010 साली गेलं. करोडो रुपयांची उलाढाल करणारी माणसं घड्याळांना कॉमिकमधली आणि बाहुल्यांची नावं देतात, हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण खटकणं आणि हात आखडणं यात फरक आहे.

माझा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत छोटा वर्कशॉप आहे. दोन कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन, एक जुनी लेथ, सहा माणसं. दिवसभर मायक्रॉनमध्ये विचार करणाऱ्या माणसाला घड्याळ आवडणं साहजिक आहे. त्यातून हे स्टील 904एल जातीचं. आमच्याकडे एरवी 304 आणि 316 येतं. 904एल एकदाच आलं होतं, एका केमिकल प्लांटच्या पंपाच्या पार्टसाठी, आणि त्याने आमची टूलं अक्षरशः खाल्ली. त्या स्टीलला एवढ्या धारदार कडा आणि आरशासारख्या बाजू कोणी काढत असेल, तर त्याला नमस्कार. म्हणजे मी घड्याळाच्या प्रेमात पडलो ते बंद होणार म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

मित्राची बंद होण्याची थिअरी मात्र ऐकण्यासारखी होती. कंपनी कुठलंही मॉडेल बंद करताना सांगत नाही. एके दिवशी ते कॅटलॉगमध्ये नसतं, संपलं. त्यामुळे लोक पंचांग मांडल्यासारखे हिशेब मांडतात. हल्कच्या पोटात जे मशीन होतं, 3135, ते 1988पासून चालत आलेलं. त्याच्या जागी येणारं 3235 हे 2015पासून एकेक मॉडेलमध्ये बसत चाललं होतं, 2017 साली सी-ड्वेलर या दुसऱ्या पाणबुडी-घड्याळातही बसलं. म्हणजे सबमरिनरची पाळी येणारच. आणि मशीन बदललं की केस, म्हणजे बाहेरची धातूची खोळ, बदलते, ती बदलली की जुनं 'ते जुनं' होतं. कर्मिट सात वर्षं चाललं, हल्कला नऊ झाली होती. या तर्कात कुठे खोट काढता येईना. एवढंच की हाच तर्क त्याने मार्च 2019च्या बासेलच्या घड्याळ-प्रदर्शनाआधीही मांडला होता आणि तेव्हा हल्क बंद झालं नव्हतं. "तेव्हा महिना चुकला," तो म्हणाला. "तिथी बरोबर आहे."

शिवाय त्याच्याकडे एक कथा होती, ती तो सत्यनारायणाच्या पोथीसारखी दर वेळी वाचायचा. ऑक्टोबर 2017मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं स्वतःचं रोलेक्स डेटोना 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं. तसली डायल ज्या काळात दुकानात होती त्या काळात तिला गिऱ्हाईक नव्हतं. हल्कही पहिली काही वर्षं काउंटरवर पडून असायचं, लोक म्हणायचे फार भडक. "आज नको असलेलं उद्या हवं असतं," साधूच्या थाटात तो सांगायचा.

खरं तर मला या खेळाची चव आधी लागली होती आणि ती कडू होती. 2014 साली एचएमटीची घड्याळं बंद होणार अशी बातमी आली. जानेवारी 2016मध्ये सरकारने कंपनी बंद करायला मंजुरीही दिली. आपल्या पिढीत लग्नात सासऱ्याकडून किंवा निवृत्तीच्या दिवशी ऑफिसकडून एचएमटी न मिळालेला माणूस विरळा. जनता, पायलट, कोहिनूर, सोना. भाव दुप्पट झाले, तिप्पट झाले. मी अकरा घेतली, चार ठिकाणांहून, अगदी हुशारीने. ती घेऊन रविवार कारंजाजवळच्या बोळातल्या अण्णांकडे गेलो. अण्णा तिथे चाळीस वर्षं बसतात. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मागे कॅलेंडर. त्यांनी डोळ्याला भिंग लावून एकेक पायलट उघडली आणि अकरापैकी आठ एका बाजूला सरकवली. डायल नव्याने रंगवलेल्या. आतलं मशीन जनताचं, काटे तिसऱ्याच कुठल्या घड्याळाचे. एका डायलवर तर एचएमटीने कधी काढलाच नाही असा रंग होता.

"घालायला घेतलीस का ठेवायला?" अण्णांनी विचारलं.

"ठेवायला."

"मग ठेव," ते म्हणाले आणि झाकणं बसवायला लागले.

ती अकरा अजून आहेत. इतकं होऊनही मी हिरव्यासाठी तयार झालो, यावरून माणूस काय शिकतो ते कळेल.

आधी सरळ मार्गाने गेलो. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला, तिथल्या अधिकृत दुकानात. काच इतकी स्वच्छ की मी दार कुठाय ते शोधत होतो. आतल्या मुलाने पाणी दिलं, कॉफी दिली, घड्याळ दिलं नाही. स्टीलचं स्पोर्ट्स मॉडेल हजर नसतं. नाव लिहून घेतो. यादीत माझा नंबर कितवा, हे विचारल्यावर तो हसला. तशी यादी नसते म्हणाला, 'इंटरेस्ट' नोंदवतात. मग आडून आडून सुचवलं की एखादं दुसरं, सोन्याचं वगैरे, घेतलंत तर नातं तयार होतं. माझ्या वडिलांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला होता, त्याला वर्षं लागली, पण निदान पावतीवर नंबर होता! आणि ज्याला घाई असेल तो वर 'ऑन' देऊन दुसऱ्याची स्कूटर उचलायचा. इथेही शेवटी तेच होतं, फक्त 'ऑन'ला इथे 'मार्केट प्राइस' म्हणतात.

'ऑन' देऊन मी ते जानेवारी 2020मध्ये घेतलं, मुंबईतल्याच एका सेकंडहँडवाल्याकडून. छापील किमतीच्या दीडपटीहून थोडे जास्त. रुपयांतला आकडा लिहीत नाही, घरी वाचतात. तो काही रक्कम रोख मागत होता. मी नको म्हटलं. दोन लाख आणि त्यावर रोख घेणं कायद्यात बसत नाही हे वर्कशॉप चालवणाऱ्याला पाठ असतं. पॅन कार्ड, आरटीजीएस, बिल. तपासणीसाठी मी अण्णांना सोबत नेलं होतं, गाडीभाडं आणि जेवण या बोलीवर. त्यांनी कार्डावरचा सिरियल आणि काचेखालच्या आतल्या गोल कड्यावर कोरलेला सिरियल जुळवला, बेझलचे 120 टकटक मोजले (खरंच मोजले, दुकानदार घड्याळाकडे बघत होता, म्हणजे भिंतीवरच्या), आणि मग मागचं झाकण उघडून मशीन बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही म्हणाले. दुकानदाराने नाखुशीने उघडलं. अण्णा बराच वेळ गप्प होते. नंतर गाडीत कसाऱ्याला म्हणाले, "असलं मशीन पोट दाखवत नाही, आणि लोक वरच्या रंगाचे पैसे देतात."

दुकानातून निघताना सेकंडहँडवाल्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, बकलवरचं प्लॅस्टिक काढू नका. दोन, मनगटासाठी पट्ट्याच्या ज्या दोन कड्या काढल्यात, त्या जपून ठेवा. तोच प्रश्न त्यानेही विचारला, घालायला की ठेवायला. "ठेवणार असाल तर कड्या काढूच नका खरं तर." पण मला गाडीत हातात घालून यायचं होतं. कड्या एका छोट्या पुडीत बांधून त्याने दिल्या. मी त्या खिशात टाकल्या.

दोन महिन्यांनी सगळं बंद झालं. बासेलचं प्रदर्शन रद्द, आणि इकडे अंबडमध्ये शटर खाली. एप्रिलमध्ये पोरांचे पगार द्यायचे होते, दोन मोठ्या पार्ट्यांकडे पेमेंट अडकलेलं. कपाटात हिरवं घड्याळ. मी सेकंडहँडवाल्याला फोन केला. त्याने जो भाव सांगितला तो मी दिलेल्या पैशाच्या बराच खाली होता, आणि तोही 'लॉकडाउन उठल्यावर या'. ज्या वस्तूला मी तीन महिने गुंतवणूक म्हणत होतो, ती पहिल्याच गरजेला विकता येत नव्हती. पगार एफडी मोडून केले. त्याच दिवशी मी प्लॅस्टिक सोलून काढलं आणि घड्याळ घातलं, रागानेच. घरात बसून घालायचं. भाजी धुताना, बादल्या उचलताना. उन्हात गच्चीवर गेलं की डायल पोपटी दिसायची, आत आलं की जवळपास काळी. हे कुठल्याही फोटोत येत नाही.

1 सप्टेंबर 2020ला मित्राचा सकाळी सहाला फोन. नवीन सबमरिनर आली. 41 मिलीमीटर, आत 3235, चावी न देता सत्तर तास चालणारं. जुनं अठ्ठेचाळीस चालायचं. हिरवी बेझल परत आली, पण डायल काळी. पूर्ण हिरवं गेलं. "सांगितलं होतं की नाही!" तो ओरडत होता. बरोबर आहे, सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं, त्यातलं एकदा खरं झालं. पुढचे दोन-तीन आठवडे त्याने माझ्या घड्याळाचा भाव मला रोज कळवला, कांद्याच्या भावासारखा.

मी वर्कशॉप पुन्हा सुरू केलं होतं आणि घड्याळ हातातच होतं. मनाई करणारा कोणी नव्हता. ऑक्टोबरात लेथच्या चकमध्ये जॉब लावताना बकल चकच्या जबड्याला घासलं. एक लांब ओरखडा, आणि बाजूच्या चकचकीत कडेवर दोन टिचक्या. दुसऱ्या कुणाला दिसल्याही नसत्या. पण ज्याच्या हाताखालून रोज तयार माल जातो त्याला ओरखडा बघवत नाही. माझ्याकडे पॉलिशचा बफ आहे, कंपाउंड आहे, पंचवीस वर्षांचा हात आहे. एका रविवारी शांतपणे पट्टा काढला, बेझलला टेप लावली आणि काम केलं. वरची ब्रशची रेघ सरळ ओढली, बाजूला आरसा आणला. खरं सांगतो, काम सुंदर झालं. आमच्या क्वालिटीवाल्याने बघितलं असतं तर एका झटक्यात पास केलं असतं.

2022च्या फेब्रुवारीत भाव आभाळाला लागले होते. मित्र म्हणाला, आता तरी वीक, यापुढे वेडेपणा आहे. हे त्याचं मत बरोबर होतं, हेही नोंदवून ठेवतो. त्या वसंतानंतर भाव घसरत गेले. विकण्याआधी मी सीएला विचारायला गेलो, नफ्यावर कर कसा. तोही अण्णांचाच प्रश्न विचारायला लागला. स्वतःच्या वापरातल्या जंगम वस्तूवर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने, चित्रं वगैरे अपवाद. पण विकण्यासाठीच घेतलं असेल तर तो धंदा झाला, मग वेगळा हिशेब. "तर घालायला घेतलंत की विकायला?" मी त्याला मनगट दाखवलं. तो म्हणाला, "हे मला नका दाखवू, विचार करून सांगा."

मुंबईत त्याच सेकंडहँडवाल्याकडे गेलो. त्याने छापील किमतीच्या अडीचपटीहून वरचा आकडा फोनवर सांगितला होता. त्याने घड्याळ हातात घेतलं, दिव्याखाली तिरकं धरलं, आणि पट्टा जिथे जोडतात त्या चार टोकांकडे बघितलं. आरशाची बाजू आणि ब्रशची वरची बाजू जिथे मिळतात ती रेघ.

"पॉलिश झालंय."

"ओरखडा होता, काढला."

"कुठे केलं?"

"मीच."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आमच्याकडच्या ऑडिटवेळी बघायची सवय आहे. त्याने शेजारी दुसरं हल्क ठेवलं. त्यावर ओरखडे होते, भरपूर, कोणीतरी दगडावर घासल्यासारखं. "हे बघा. याला किंमत आहे." त्याच्या टोकांची कड जशी कारखान्यातून निघाली तशी होती. माझी एका केसाएवढी गोल झालेली. मी भिंग मागून घेतलं. तो खोटं बोलत नव्हता. टॉलरन्सच्या बाहेर नव्हतं, पण ड्रॉइंगप्रमाणेही नव्हतं. धातू एकदा गेला की परत येत नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. मला गंमत याची वाटली की आमच्या जगात खराब झालेला पृष्ठभाग सुधारणं म्हणजे काम, आणि या जगात खराब पृष्ठभाग म्हणजे पुरावा, की कोणी हात लावलेला नाही.

मग त्याने पट्टा मोजला. "दोन कड्या?"

कड्या! मी पुडी आणली नव्हती. घरी आहे, म्हटलं. कड्या नसतील तर आणखी कट. पॉलिशचा कट आधीच झाला होता. तरी जो आकडा उरला तो मी दिलेल्या पैशापेक्षा बराच चांगला होता. घ्यायला हवा होता, हिशेबाने. कड्या घेऊन येतो म्हणून उठलो.

घरी पुडी नव्हती. 2020च्या जानेवारीत कुठला कोट घातला होता हे आठवेना. बायकोने सांगितलं, "अहो, तो कोट लॉकडाउनमध्ये भांड्यांवर दिला." बोहारणीने त्या कोटाच्या बदल्यात एक स्टीलचा डबा दिला होता. त्या डब्यात आता रवा असतो. खिसे तपासले होते का, हे मी विचारलं आणि त्या दिवशी पुन्हा काही विचारलं नाही.

त्यानंतर भाव उतरत गेले, मी मुंबईला गेलो नाही. सेकंडहँडवाल्याचे दोन फोन आले, मग तेही थांबले. घड्याळ अण्णांकडे एकदा तपासायला नेलं, तेव्हा ते म्हणाले वेळ दिवसाला दोन सेकंद पुढे जाते, हात लावायची गरज नाही. पॉलिशबद्दल विचारलं तर भिंगातून बघून म्हणाले, "हात चांगला आहे. माझ्याकडे बसतोस का दुपारी?" माझं आयुष्यातलं सगळ्यात महागडं प्रशस्तिपत्रक.

मित्राने मधल्या काळात नवं घेतलं, काळ्या डायलचं आणि हिरव्या बेझलचं, त्यालाही लोकांनी कॉफीच्या दुकानावरून नाव पाडलंय. त्याचं प्लॅस्टिक अजून आहे. ते बँकेच्या लॉकरमध्ये असतं. मित्र ते वर्षातून दोनदा बघायला जातो, आणि दोन्ही वेळा ते बंद पडलेलं असतं, कारण हातात नसलं की तीन दिवसांत थांबतं. तो ते चालू करत नाही. वेळ लावायला चावी ओढली तर झिजेल, म्हणतो.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. आता ते बंद होणार. एप्रिलच्या जिनिव्हाच्या प्रदर्शनात. खात्रीची बातमी. शिवाय आता दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर दुकानदार वर एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, घेतो, 2025च्या एप्रिलपासून, तेव्हा घ्यायचं तर आताच घे, वाढत जाणार हे सगळं. कर नंतर रिटर्नमध्ये वळता होतो हे मी त्याला सांगणार होतो, पण मला बोलता येत नव्हतं. मी पलंगाखाली होतो, तोंडात बॅटरी धरून.

गेल्या चार वर्षांत माझं वजन वाढलंय. बकलमध्ये पट्टा दोन-दोन मिलीमीटरने सोडायची सोय असते, ती मी शेवटच्या दातापर्यंत सोडून झाली. उन्हाळ्यात मनगटावर वळ उठतो. आईच्या बटणांच्या डब्यात मागच्या आठवड्यात एक कडी सापडली, म्हणजे पुडी कोटात नव्हती. म्हणजे दुसरीही घरातच आहे.

"ऐकतोयस ना?" मित्र म्हणत होता. "हॅलो?"